ढोलीतलं पिल्लू विकताना

फाल्गुनात वाशीम जिल्ह्यातल्या जुन्या आंब्या-कडुलिंबांच्या ढोल्यांत राघूंची पिल्लं असतात. मादी साधारण चार-पाच अंडी घालते, बावीस-तेवीस दिवस ती उबवते. पिल्लू उडायला पुढे जवळपास दीड महिना लागतो, आणि उडाल्यावरही काही दिवस आईबाप त्याला भरवतात. नेमकं याच काळात, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या फुटलेल्या असताना, कुणीतरी झाडावर चढून ढोलीत हात घालतो. "लहान आहे तोवर घ्या, लवकर माणसाळते, लवकर बोलते," एवढं सांगून ते पिल्लू अशा घरात दिलं जातं, जिथे आजवर कुणी पाखराला घास भरवलेला नसतो.

घरी आलेलं पिल्लू माणूस दिसला की मान वरखाली हलवतं, पंख थरथरवतं, चिरकत राहतं. पोरं हरखतात, त्याला आपला लळा लागला म्हणतात. पण ते पिल्लू उपाशी असतं. आईबापांकडे घास मागायची त्याची तीच रीत आहे. पोट भरलेलं पिल्लू गप्प झोपतं. सारखं ओरडणारं, बोटाला चोच लावणारं पिल्लू बहुधा अर्धपोटी असतं. त्याच्या भुकेला आपण माया समजतो आणि विकणाराही तिला माया म्हणूनच खपवतो. मला या व्यवहारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते.

भरवणं दिसतं तितकं सोपं नाही. पिल्लाची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालून उजवीकडे रोखायची असते आणि पिल्लू स्वतः गिळतंय तेवढंच सोडायचं असतं. हात थोडा चुकला, घाईने दाबला गेला, की पातळ खाद्य फुप्फुसात जातं. खाद्य साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस गरम लागतं. फार गरम झालं तर गळ्याखालची अन्नाची थैली आतून भाजते, थंड झालं तर अन्न तिथेच साचून आंबतं. उघड्या अंगाच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी खाद्य लागतं, शिवाय सतत ऊब. आपल्याकडे मात्र प्रेमाने दुधात बिस्किट कुस्करून देतात. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. मग पिल्लू दोन-चार दिवसांत मान टाकतं आणि घरातले म्हणतात, नाजूकच होतं बिचारं.

पोपट पाळून त्याला बोलकं करण्याची ही हौस जुनी आहे. ज्या कामसूत्रात वत्सगुल्माचा, म्हणजे प्राचीन वाशीमचा, उल्लेख येतो, त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला सांगितली आहे. परंपरेचा हा दाखला आजच्या बाजाराला मात्र कामाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपला राघू संरक्षित आहे. तसेच करण पोपट आणि तुईयाही. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे राघूचं पिल्लू कोणत्याही वयात विकता येत नाही, तिथे प्रश्न मिटला.

प्रश्न उरतो तो परदेशी जातींचा. कॉकटील, सन कन्युर, आफ्रिकन ग्रे हे पक्षी पाळता येतात. यांतल्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराच्या यादीत आहेत, त्यांची २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. या धंद्यात 'हँडफीड पिल्लू' म्हणून अजून स्वतः न खाणारं पिल्लू नवख्याच्या हाती दिलं जातं. हाताने भरवलं की पक्षी जन्मभर तुमचा, असं सांगितलं जातं. खरं पाहता विकणारा आपली कित्येक आठवड्यांची मेहनत आणि जोखीम घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि वर त्याचेच पैसे घेतो. स्वतः खायला शिकलेला पक्षीही रोजच्या सहवासाने, धीराने माणसाळतो. स्वित्झर्लंडमध्ये पाळीव आफ्रिकन ग्रे पोपटांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाताने वाढवलेले पक्षी आईबापांनी वाढवलेल्यांपेक्षा जास्त वेळा आक्रमक आढळले. पाच आठवड्यांच्या आत घरट्यातून काढलेल्यांमध्ये तीच ती निरर्थक हालचाल करत राहण्याची खोडही अधिक दिसली. इंग्लंडमध्ये २०१८ च्या परवाना नियमांनी स्वतः खाऊ न शकणारा पक्षी विकायलाच बंदी घातली आहे. आपल्याकडेही इतकं साधं बंधन दुकानदारांनी आपणहून पाळायला काय हरकत आहे? घेणाऱ्याने तरी पक्षी समोर दाणे, फळं स्वतः फोडून खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. "थोडे दिवस भरवा, मग खाईल" असं ऐकलं तर परत फिरावं.

वाऱ्या-वादळात ढोलीतून पडलेलं राघूचं पिल्लू सापडलं, तर ते घरी नेऊ नये. ढोलीपर्यंत हात पोहोचत असेल तर परत आत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. ढोली उंच असेल, तर त्याच झाडाला सावलीत टोपली बांधून पिल्लू तिच्यात ठेवावं आणि दुरून लक्ष ठेवावं. जखमी असेल किंवा आईबाप फिरकलेच नाहीत, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. आधीच घरात वाढलेला राघू मात्र एकदम आभाळात सोडून देऊ नये, तोही वनविभागाकडेच द्यावा. दाणापाणी शोधणं आणि शिकारी पक्ष्यांपासून वाचणं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.