झरोक्यांवर चालणारी चूल

कोळशावर तासन्‌तास मंद धूर देऊन मांस शिजवायचं, तर अमेरिकेत टेक्सासची आडवी भट्टी आधी आठवते. घरगुती शौकिनांचा भरवसा मात्र बरीच वर्षं एका काळ्या, उभ्या पिंपावर आहे. वेबर कंपनीचा हा ‘स्मोकी माउंटन’ १९८१ साली बाजारात आला. त्याआधी, १९५२ मध्ये, याच कंपनीच्या जॉर्ज स्टीफनने समुद्रातल्या बोयासाठीचा धातूचा गोळा कापून झाकणाची गोल शेगडी बनवली होती. हे पिंप त्याच घराण्यातलं.

आत तळाला कोळशाचं कडं, त्यावर पाण्याची खोलगट परात, वर दोन जाळ्या आणि घट्ट झाकण. खाली हवेचे तीन झरोके, झाकणावर एक. वीज नाही, पंखा नाही. सगळी करामत त्या झरोक्यांची.

पेटवण्याची उत्तम रीत जिम मिनियन या शौकिनाच्या नावाने ओळखली जाते. कड्यात न पेटलेला कोळसा भरायचा आणि वर थोडेच लाल निखारे पसरायचे. विस्तव वरून खाली हळूहळू उतरतो आणि एका भरणीत आठ-दहा तास निभतात. आत ११० ते १२० अंश सेल्सिअस हवेत. वरचा झरोका उघडाच ठेवायचा, खालचे मात्र तापमापकाचा काटा शंभरीजवळ येताच आवळायला लागायचं, कारण एकदा भडकलेला कोळसा लवकर शांत होत नाही. परातीतलं पाणी जास्तीची उष्णता शोषून घेतं. धुरासाठी ओक, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे पुरतात. धूर पातळ, निळसर दिसला की चांगला. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होतं.

खरी परीक्षा मधेच येते. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा आतून ६५-७० अंशांपर्यंत बिनबोभाट चढतो आणि मग कित्येक तास तिथेच अडून बसतो. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. वास्तविक मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि उष्णता सोबत नेत असतं. धीर धरावा, नाहीतर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळावा. ९०-९५ अंशांवर चिवट कोलॅजेनचं जिलेटिन होऊन मांस बोटांनी सुटतं. या एका टप्प्यावर ही सगळी खटपट सार्थकी लागते.

विकत घेताना आधी झाकण आणि दार किती घट्ट बसतं ते पाहावं. पातळ पत्र्याच्या स्वस्त आडव्या भट्ट्या फटींतून हवा ओढतात आणि सारखा कोळसा मागतात. सिरॅमिकच्या ‘कमाडो’ भट्ट्या उष्णता अप्रतिम धरतात, पण जड आणि महाग. स्मोकी माउंटनच्या १४, १८ आणि २२ इंचांपैकी चौघांच्या घराला १८ इंची पिंप भरपूर झालं.

भरिताला धुंगार देणाऱ्या आपल्या घरांना धुराची चव नवी नाही. इथे पेरूचं किंवा आंब्याचं वाळलेलं लाकूड चालेल. रंग लावलेलं किंवा राळेचं नको. जागा मात्र मोकळं अंगण किंवा गच्चीच हवी. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा स्वयंपाकघर आणि बंद बाल्कनी दोन्ही वर्ज्य.

काम झालं की सगळे झरोके बंद करावेत. हवा तुटली की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावरच काढावी.