माणशी पंचावन्न लिटर : हिशेब कोणी मांडायचा?



उसाचा एकरी खर्च आपल्यातला कोणीही तोंडपाठ सांगतो. बेणे किती, खत किती, मजुरी किती. पण गावच्या नळाला वर्षाला काय खर्च येतो असे विचारले, की सगळे सरपंचाकडे बघतात आणि सरपंच शिपायाकडे. म्हणून या अंकात बेण्या-खताचा विषय बाजूला ठेवून हा हिशेब मांडतो. ग्रामसभेत हात वर करणारे शेवटी आपणच.

किमान सेवा म्हणजे किती? पूर्वी ग्रामीण भागासाठी माणशी रोज ४० लिटर पाणी धरत : पिण्यास ३, स्वयंपाकास ५, आंघोळीस १५, भांडी व घर धुण्यास ७, शौचास १०. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने मान धरले ५५ लिटरचे, तेही घरच्या नळाला.

आता २००० वस्तीचे गाव घ्या. रोजचे पाणी १ लाख १० हजार लिटर. ऐकायला मोठे वाटते. पण एका एकरात एक इंच पाणी उभे केले, तर तेच सुमारे १ लाख ३ हजार लिटर भरते. म्हणजे उसाला मोकाट पद्धतीने तीन इंचांची एक पाळी दिली, की गावाचे जवळजवळ पावणेतीन दिवसांचे पाणी एका एकरात गेले. ज्यांची विहीर नळयोजनेच्या विहिरीजवळ आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ठिबकाचा आग्रह मी उगाच धरत नाही.

टाकी आणि पाइप सरकारी पैशातून होतात, योजना चालवायची मात्र गावाने. ताशी १५ हजार लिटर देणारा ५ हॉर्सपॉवरचा पंप रोज साडेसात तास चालेल. वीज रोज निदान २८ युनिट, वर्षाला दहा हजारांवर. दर बिलावर बघून गुणाकार करा. त्यात पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर, गळतीची दुरुस्ती घाला. मोटार तर जळते ती ऐन उन्हाळ्यात, तिचीही तरतूद हवी. समजा सारे मिळून ३ लाख झाले. घरे ४००, म्हणजे घरटी ७५० रुपये. तिसऱ्या हिश्श्याने पट्टी थकवली, की लाखाची तूट. मग वीज तुटते आणि ५५ लिटर कागदावर राहतात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेला बांधून दिला होता. तरी गावाच्या विकास आराखड्यात रस्ता, सभागृह, कमान आधी चढते आणि चालवण्याचा खर्च शेवटच्या पानावर जातो. इंडोनेशियात २०१४ च्या कायद्याने स्थानिक सरकारांना क्रमच घालून दिला : किमान सेवा आधी, बाकीचे नंतर. आपल्याला हे ठरवायला ग्रामसभा पुरेशी आहे.

एक बाब मात्र आपल्याच धंद्यातली. वस्तीचा आकडा बहुधा २०११ च्या जनगणनेचा धरतात, त्यात ऊसतोड टोळ्या नसतात. गावाशेजारी १०० कोयते उतरले तर २०० माणसे झाली, पोरेबाळे वेगळी. त्यांना रोज ११ हजार लिटर लागतात, म्हणजे पंप पाऊण तास जास्त. एवढ्यासाठी त्या बायांनी नाल्यावरून पाणी आणायचे का? आराखडा वाचला जाईल तेव्हा हा आकडा त्यात घालून घ्या. कोणत्या गावी किती कोयते उतरणार, ते हंगामापूर्वी गट कार्यालयात विचारा.

— ऊस विकास अधिकारी