त्रेपन्न सेकंदांचे उड्डाण

पानाला चुना लावून, सुपारी-कात घालून विडा तोंडात टाकायला किती वेळ लागतो? मिनिटभर तरी खासच. तेवढ्या अवधीत एक विमान उतारू घेऊन एका बेटावरून उडते आणि दुसऱ्या बेटावर उतरते, असे सांगितले तर फराळाबरोबर ही एक थापही वाढली असे वाचकांना वाटेल. पण गोष्ट अक्षरशः खरी आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही त्यातली दोन शेजारी बेटे. त्यांच्या विमानतळांतील अंतर अवघे २.७ किलोमीटर. आपल्या मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीच ३.४ किलोमीटर लांब आहे! लोगनएअर कंपनीने ही फेरी १९६७ मध्ये सुरू केली. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली असतात. विक्रम आहे ५३ सेकंदांचा. विमान ‘आयलंडर’ जातीचे, दोन पंख्यांचे, आठेक उतारूंचे. आखूड धावपट्टी त्याला पुरते. एवढ्याशा अंतरात उंच चढायला सवड कुठली? चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू. वारा पाठीशी असला की काही सेकंद वाचतात, समोरून आला की वाढतात.

गंमत अशी की, दुसऱ्या टोकाचे उदाहरणही बेटांचेच आहे. सिंगापूर हे बेट, आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ लाँग आयलंड या बेटावर. या दोहोंमध्ये २०२० साली सुरू झालेली थेट विमानसेवा सुमारे १५,३०० किलोमीटरांची. वेळ अठरा तासांहून अधिक. तेवढ्यात वेळापत्रकाच्या हिशेबाने वेस्ट्रेचे विमान पाचशेहून अधिक उड्डाणे करील!

‘दोन मिनिटांसाठी विमान कशाला? होडीने जावे,’ असे कोणी म्हणेल. होडी आहेच, पण त्या उत्तरेकडच्या खवळत्या समुद्राचा भरवसा कोणी द्यावा?

माझे आजोळ कोकणात, खाडीपलीकडे. आमच्या अंगणातून तिकडचे माड दिसत. पावसाळ्यात मात्र तर बंद. एका आषाढात आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. आई एस. टी. ने खाडीला वळसा घालून निघाली आणि पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर सारे आटोपले होते. समोर दिसणारे गाव किती दूर असू शकते, हे त्या दिवशी मला कळले.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. तेथील नॅप ऑफ हॉवर ही दगडी घरे पाच हजार वर्षांहून जुनी. इतक्या पूर्वीपासून तेथे माणसे नांदत आली. आज शिक्षक, डॉक्टर, रोगी या चिमुकल्या विमानाने ये-जा करतात. ते बंद पडले तर तरुणांनी तेथे राहावे कशाच्या जोरावर?

मराठीत ‘अंतर’ म्हणजे लांबी आणि ‘अंतर’ म्हणजे मनही. शब्द एकच ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे, की नकाशावरची लांबी मोजून भागत नाही. वेळेला माणूस माणसापर्यंत पोहोचतो की नाही, हेच खरे अंतर.