शिंपल्याचा कान

चंदीगडच्या सेक्टर 14 मध्ये, पंजाब विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या एका टेबलावर पाटीएवढा काळा शेल खडक ठेवला आहे. स्पितीहून येताना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा चिटोरा अजून त्याच्या कडेला चिकटलाय. खिडकीचा पडदा ओढलेला, टेबललॅम्प डावीकडून अगदी आडवा धरलेला. उजेड तिरपा पडला की सपाट वाटणाऱ्या दगडावर बारीक फासळ्यांचे पंखे उमटू लागतात. आधी एक, मग चार, मग एकमेकांवर चढलेले पंधरा-वीस.

हे हॅलोबिइडी कुळातले शिंपले. ट्रायासिक काळात, वीस कोटी वर्षांहूनही आधी, टेथिस समुद्राच्या तळाशी चिखलावर पसरलेले, कागदासारखे पातळ. कुळातलं आज कुणीही जिवंत नाही. कोकणातल्या तिसऱ्यांची शिंप उघडली तर बिजागरीत दात दिसतात, स्नायूंचे वण दिसतात, आणि त्यावरून जात ओळखता येते. इथे बिजागरीला दातच नाहीत आणि वण क्वचितच टिकतात. उरतं ते बाहेरचं रूप: फासळ्या, वाढीच्या वळ्या आणि चोचीपुढचा, म्हणजे शिंपेच्या टोकापुढचा, एक इवलासा कोपरा.

त्या कोपऱ्याला म्हणतात कान. सरळ बिजागरीखाली, पुढच्या बाजूला, फासळ्या थांबतात आणि गुळगुळीत पट्टी वेगळी उठते. कान असेल तर हॅलोबिया, नसेल तर डाओनेला. हॅलोबिया हे नाव ब्रॉननं 1830 मध्ये दिलं, डाओनेला मोइसिसोविचनं 1874 मध्ये. फरक छोटा दिसतो, पण त्यावर थराचं वय ठरतं. डाओनेला मध्य ट्रायासिकमधला, हॅलोबिया मुख्यतः त्यानंतरचा. स्पितीच्या जुन्या अहवालांत थरांची नावंच या शिंपल्यांवरून पडलेली आहेत.

आणि शेल फुटताना सगळ्यात आधी जातो तो नेमका कान.

म्हणून इथे हातोडीपेक्षा सुईला मान आहे. भिंगाखाली सुईनं कणकण खडक उकरायचा, ब्रशनं झटकायचा. मग नवसागराची धुरी देऊन नमुन्यावर पांढरा थर चढवायचा. काळा-करडा रंग झाकला गेला की नुसता उठाव उरतो, आणि फोटोत फासळ्या मोजता येतात. चोचीपासून ठरावीक अंतरावर किती, कुठे दुभंगतात, वाढीच्या वळ्यांवर वाकतात का, याची नोंद डाव्या आणि उजव्या शिंपेसाठी वेगवेगळी ठेवायची.

खरी कसोटी मात्र हिमालयाची. डोंगर उभा राहताना खडक दाबला गेला, ताणला गेला, आणि त्याच्याबरोबर शिंपलेही. टेबलावरच्या याच पाटीत एक शिंपला लांबट आहे, दुसरा उंच, दोन वेगळ्या जाती शोभतील असे. संशोधक पाटी हळूहळू फिरवतो. लांबट शिंपले सगळे एकाच दिशेला पडलेले, उंच त्यांना काटकोनात, मधले तिरके. म्हणजे फरक शिंपल्याचा नव्हे, ताणाचा. एकेकटा नमुना हाती आला असता तर फसगत ठरलेली होती. म्हणून पाटी अखंड आणण्यासाठी खेचरावर लादलेलं ओझं वाया जात नाही.

अलेक्झांडर बिटनरनं हिमालयातल्या अशाच शिंपल्यांचं वर्णन 1899 मध्ये केलं. डाओनेला इंडिका हे नाव त्याचंच. तो व्हिएन्नात बसून हिमालयातून आलेले नमुने पाहत होता. त्याची चित्रं आजही इथे शेजारी उघडी असतात. नवं नाव सुचवण्याआधी जुन्याशी ताडून पाहायचं, हा नियम आहे आणि तो पाळायला फार संयम लागतो.

पाटीवरच्या सर्वांत चांगल्या पंख्याचा पुढचा कोपरा तुटलाय. चिठ्ठीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. संशोधक पोत्यातून त्याच खडकाचा जोडतुकडा शोधून काढतो, चोचीजवळची माती ओल्या ब्रशनं सैल करतो आणि लॅम्प आणखी खाली आणतो. तिथे, फासळ्यांच्या पुढे, भाताच्या शितापेक्षाही अरुंद, गुळगुळीत पट्टी उठलेली आहे.