नास्तिक माणूस अल्फा कोर्सला बसला तर काय होतं?

हे आपल्या ताज्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त तेच-तेच आलेलं काढून टाकलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.

विषय सरळ आहे. मी देव मानत नाही. मूळचा औसा तालुक्यातला, नोकरीला नांदेडला. सोबत काम करणारे एक ख्रिस्ती काका मला म्हणाले, "आमच्याकडं दर आठवड्याला बसायलोत आम्ही. जेवण आहे, चर्चा आहे. ये की. नाही पटलं तर उठून जा, कोण काय म्हणायलंय?" मी गेलो, आणि शेवटपर्यंत गेलो. त्यानंतर कितीतरी जणांनी विचारलं, "तिथं नेमकं करतात काय?" म्हणून हा भाग.

आधी हा कोर्स आला कुठून ते बघू. लंडनमध्ये होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन नावाचं एक अँग्लिकन चर्च आहे. तिथं १९७७ मध्ये चार्ल्स मार्नहॅम या धर्मगुरूंनी नव्या सभासदांना ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख व्हावी म्हणून हा कोर्स सुरू केला. १९९० मध्ये तो निकी गम्बेल यांच्याकडं आला. गम्बेल आधी वकील होते आणि तरुणपणी नास्तिक होते. त्यांनी कोर्सचं तोंडच फिरवलं. चर्चमधल्यांसाठी असलेली गोष्ट चर्चबाहेरच्यांसाठी केली. आज शंभराहून जास्त देशांत हा कोर्स चालतो, आणि प्रोटेस्टंटांबरोबर कॅथलिकसुद्धा तो चालवतात.

रचना तीन पायऱ्यांची. आधी जेवण, मग साधारण अर्ध्या तासाचं भाषण किंवा व्हिडिओ, मग छोट्या गटात गप्पा. असं दहा-अकरा आठवडे. विषय क्रमानं येतात : आयुष्यात याहून जास्त काही आहे का, येशू कोण, तो का मेला, विश्वास कसा ठेवायचा, प्रार्थना, बायबल. मधे एक शनिवार-रविवार फक्त पवित्र आत्म्यासाठी. शेवटी देव आजही बरं करतो का, आणि चर्च कशाला हवं.

आता यातली खरी गोम जेवणात आणि गप्पांत आहे. गट चालवणाऱ्याला सांगितलेलं असतं की तुम्ही उत्तरं देऊ नका, लोकांना बोलू द्या. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "मला हे सगळं माणसानं रचलेलं वाटतं." कोणी अंगावर आलं नाही. काकू म्हणाल्या, "बरं, भाकरी घ्या अजून एक." ऐकायला गंमत वाटते, पण हे समजून घ्या. ज्याच्या घरी आपण दहा आठवडे जेवतो, त्याच्या विचाराला तोडून बोलणं अवघड होत जातं. यात कपट आहे असं मी म्हणत नाही. वारीतल्या पंगतीत हेच होतं, गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये हेच होतं. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. पण प्रेमानं वाढलेली भाकरी आणि पटलेला मुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

मुद्द्यांकडं येऊ. येशू नावाचा माणूस होऊन गेला का? यावर माझं फारसं भांडण नाही. पहिल्या शतकाच्या शेवटी ज्यू इतिहासकार जोसेफसनं त्याचा उल्लेख केला, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन इतिहासकार टॅसिटसनं केला. बहुतेक इतिहासकार तो होऊन गेला असंच मानतात. दुसरा मुद्दा येतो हस्तलिखितांचा. नव्या कराराच्या जुन्या प्रती भरपूर आहेत, म्हणून मजकूर भरवशाचा. इथं मी थांबवलं. प्रती जास्त असल्या की लेखकानं काय लिहिलं ते कळतं. लिहिलेलं घडलं का, ते कळत नाही. शिवाय त्याच जुन्या प्रती काही अडचणीही दाखवतात. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट बघा. सोळाव्या अध्यायाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीतच. पुन्हा उठलेला येशू शिष्यांना भेटतो, तो भाग नेमका तिथं आहे. पाळक तेव्हा हजर होते. ते म्हणाले, "हे खरं आहे, आमच्या छापील बायबलात तशी तळटीपही असते." मला आवडलं ते.

तिसरा मुद्दा जास्त गाजलेला आहे. सी. एस. लुईस या लेखकाचा. तेही आधी नास्तिक होते. येशूनं स्वतःला देव म्हटलं, मग तो खोटारडा असेल, वेडा असेल, नाहीतर खरंच देव असेल. चौथा पर्याय नाही. आपल्याकडच्या माणसाला हा मुद्दा लगेच अपुरा वाटतो. का? कारण आपल्याकडं चौथा पर्याय घरोघरी आहे. संत. माणूस थोर असतो, आणि मागाहून लोक त्याच्याभोवती चमत्कार गुंफतात. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं मानणारे लाखो आहेत. तसं न मानणारे तुकोबांना खोटारडा म्हणत नाहीत, वेडाही म्हणत नाहीत.

तुकोबांवरून आठवलं. मराठीत या वाटेनं गेलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला. टिळक वाचत राहिले, भांडत राहिले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. पण टिळकांची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंची गोष्ट सोडता येत नाही. नवऱ्यानं धर्म बदलला आणि या बाईचं घरच मोडलं. कित्येक वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढं त्या स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या, पण मधल्या काळाची किंमत त्यांनी मोजली होती. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला 'श्रद्धा ही ज्याची-त्याची खासगी बाब' हे वाक्य इतक्या सहज म्हणता येत नाही.

आणि किंमत फक्त घरातली नसते. आमच्या गटात एक तरुण होता, अनुसूचित जातीतला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. त्याला येशू मनापासून आवडायचा. त्याचा प्रश्न मात्र वेगळा होता : "माझ्या सर्टिफिकेटचं काय?" हे नीट समजून घ्या. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजूनही त्यात नाहीत. म्हणजे लंडनमधल्या माणसाला हा कोर्स विचारतो, तुला विश्वास ठेवायचा आहे का. मराठवाड्यातल्या या पोराला तोच कोर्स, न विचारता, आणखी एक प्रश्न विचारतो. व्हिडिओत त्याचं उत्तर नव्हतं. पाळकांनी मात्र त्याला स्पष्ट सांगितलं, "घाई करू नको. आधी कायदा समजून घे, घरी बोल."

आता माझा प्रश्न. माझं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यात माझी आजी होती. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी वर्षं एक वाक्य कानावर यायचं : "कायतरी पाप झालं असंल." मी देव मानणं सोडलं ते या वाक्यामुळं. आजीचं पाप काय होतं, हे मला कोणी सांगू शकलं नाही. भिंती मात्र दगड-मातीच्या, जाड आणि जड होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं.

हा विचार फक्त खेड्यातला नाही बरं का. १९३४ मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेला नीतीचा हिशेब जोडू नका, हा त्यांचा मुद्दा.

मी हे गटात मांडलं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि लूकचा तेरावा अध्याय उघडला. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांना विचारतो, ती माणसं बाकीच्यांहून जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच सांगतो, नाही. पडलेल्या इमारतीखाली गेलेल्यांवर पापाचा ठपका ठेवू नका, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री घरी जाताना आजी फार आठवली.

पण पुढचं वाक्यही वाचलं पाहिजे. लगेच तो म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल. म्हणजे मेलेल्यांवरचा ठपका काढला, आणि जिवंतांना धाक घातला. आणि बुरूज का पडला, देवानं तो का धरला नाही, याचं उत्तर नाहीच. काका म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. देव दुःखात आपल्यासोबत असतो, एवढंच मी मानतो." प्रामाणिक उत्तर आहे. पण ज्यांना हे आधीच जाणवतं त्यांना ते पुरतं, मला नाही पुरलं.

मग निष्पन्न काय? मी नास्तिकच आहे. पण 'ख्रिस्ती म्हणजे तांदूळ-गव्हासाठी बाटलेले' असं कोणी म्हटलं की आता मी गप्प बसत नाही. याच नांदेडात नरहर कुरुंदकर राहिले, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. स्वतः नास्तिक, आणि तरी धर्मग्रंथ भाविकाहून बारकाईनं वाचायचे. न मानणाऱ्यानं न वाचता बोलू नये, हा वारसा आपल्याकडं आहे.

तुम्हाला अशा कोर्सला जायचं असेल तर चार गोष्टी आधीच विचारून घ्या. चालवणारं चर्च कोणतं? प्रार्थनेच्या वेळी गप्प बसलं तर चालेल का? पवित्र आत्म्याच्या शनिवार-रविवारी नेमकं काय होणार? तिथं हात ठेवून प्रार्थना करतात, वातावरण भारलेलं असतं. मी सगळ्यात मागं बसलो होतो, कोणी ओढलं नाही. आणि चौथं, मधेच सोडलं तर फोन येत राहणार का? या प्रश्नांना जिथं मोकळी उत्तरं मिळतात, तिथं खुशाल बसा.

तो तरुण अजून अभ्यास करायलाय. काकांकडं जेवायला जातो, बाप्तिस्मा घेतलेला नाही. मीही कधीमधी जातो. आमचं भांडण चालू आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत लूकचा तेरावा अध्याय वाचा, आणि तुम्हाला काय वाटलं ते कळवा.