मागे पडतो तो आवाज, लय नव्हे

ओळखीतली एक मुलगी घरीच भावगीत रेकॉर्ड करायला बसली. लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, कानाला हेडफोन. सगळं व्यवस्थित जोडलेलं. पहिली ओळ गायली आणि स्वतःचाच आवाज कानात किंचित उशिरा आला. त्या आवाजासाठी ती नकळत थांबली. थांबली म्हणून पुढचा शब्द आणखी मागे गेला, आणि अंतऱ्यापर्यंत ती ठेक्याच्या चांगलीच मागे पडली. चार टेक झाल्यावर हेडफोन काढून म्हणाली, "माझी लयच कच्ची आहे."

तिची लय पक्की होती. सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ वर होता.

या उशिराला लेटन्सी म्हणतात. तिच्यामुळे शिकणाऱ्या माणसाचा स्वतःच्या लयीवरचा विश्वास उडतो, आणि मला तेच नुकसान सगळ्यात मोठं वाटतं. त्यानंतर पैसा. लेटन्सीवर उपाय म्हणून लोक रॅम वाढवतात, नवा लॅपटॉप घेतात, महागडी केबल घेतात, आणि आवाज पूर्वीइतकाच उशिरा येत राहतो. म्हणून उशीर नेमका कुठे होतो ते आधी पाहू.

माइकमधला आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. एकेका आकड्याला सॅम्पल म्हणायचं. संगणक हे सॅम्पल एकेक करून उचलत नाही. ठराविक संख्येचा गठ्ठा जमला की तो एकदम घेतो, आणि तो गठ्ठा म्हणजे बफर. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि आधी येऊन बसलेल्याला शेवटचा प्रवासी येईपर्यंत थांबावं लागतं. रिक्षाच्या जागी एसटी असेल तर थांबणं वाढतं. ४४,१०० च्या दराने १०२४ सॅम्पलचा गठ्ठा भरायला २३ मिलिसेकंद लागतात, १२८ चा भरायला फक्त ३. हे थांबणं माइककडून आत येताना एकदा आणि हेडफोनकडे बाहेर जाताना पुन्हा एकदा. शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे भाग थोडा वेळ घेतात, यूएसबीसाठी ड्रायव्हर थोडी राखीव जागा ठेवतो. सगळं धरून १०२४ वर आवाज परत यायला ५० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. १२८ वर बऱ्या इंटरफेसने हेच काम ७ ते १२ मिलिसेकंदांत होतं.

"लॅपटॉप बदलल्याशिवाय हे सुटणार नाही"

नव्याकोऱ्या लॅपटॉपवर १०२४ चा बफर ठेवला तर तोही भरायला २३ मिलिसेकंदच घेतो. गठ्ठा भरण्याचा वेग सॅम्पल रेट ठरवतो, प्रोसेसर नव्हे. प्रोसेसरचा संबंध येतो तो किती लहान बफर झेपेल याच्याशी. १२८ वर संगणकाला सेकंदाला सुमारे ३४५ फेऱ्या कराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत सगळे ट्रॅक, सगळे इफेक्ट तीन मिलिसेकंदांच्या आत हातावेगळे करावे लागतात. एखादी फेरी हुकली की टक्‌ किंवा चर्र असा आवाज येतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवर एकच आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर १२८ सहसा आरामात चालतो. चाळीस ट्रॅकच्या गाण्यात तोच लॅपटॉप चरचरायला लागतो. रॅम हवी ती मोठ्या सॅम्पल लायब्ररींसाठी. ती वाढवून आवाज लवकर येत नाही.

"आसिओ फॉर ऑल टाकलं की झालं"

विंडोजवर हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो अर्धाच खरा आहे. विंडोजचा नेहमीचा आवाज एका सामायिक मिक्सरमधून जातो. ब्राउझरचा, मेसेजचा, गाण्याचा असे सगळे आवाज तिथे एकत्र होतात आणि त्यात वेळ जातो. हा रस्ता टाळून सॉफ्टवेअरने थेट साउंड कार्डाशी बोलावं म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आसिओ ही पद्धत आणली. इंटरफेसच्या कंपनीने खास त्या यंत्रासाठी लिहिलेला आसिओ ड्रायव्हर हा खरा ड्रायव्हर. आसिओ फॉर ऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डावर काम करणाऱ्याला त्याचा खूप उपयोग होतो. पण स्वतःचा ड्रायव्हर असलेला इंटरफेस घेऊनही मुखवट्यातूनच काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी कंपनीच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. मॅकवर कोअर ऑडिओ आतच असल्यामुळे ही भानगड नाही.

"लेटन्सी शून्यच हवी"

इथे जरा थांबायला हवं, कारण लोकांची सगळ्यात जास्त दमछाक याच हट्टापायी होते.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. बैठकीत तबलजी गायकापासून दोन मीटरवर असेल तर त्याची थाप गायकाच्या कानापर्यंत यायला ६ मिलिसेकंद लागतात. स्पीकर तीन मीटरवर ठेवून गिटार वाजवणारा जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिराच ऐकत असतो. याबद्दल कधी कुणी तक्रार करत नाही. चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनच्या नळ्या वादकापासून बऱ्याच लांब असतात, बोट पडल्यावर आवाज यायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, तरी वादक सरावाने त्यावर मात करतात. उशीर कायम सारखा असेल तर कान आणि हात तो पचवतात. आता ८, मग २०, मग १२ असा डुगडुगणारा उशीर मात्र कुणालाच पचत नाही. त्यामुळे १० मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर लेटन्सी मिळाली की बहुतेक वादकांनी सेटिंग मिटवून वाजवायला बसावं.

गायकांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी त्यांची बाजू घेईन. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतून थेट कानात पोहोचतो, जवळजवळ त्याच क्षणी. हेडफोनमधून तोच आवाज ५ मिलिसेकंद उशिरा आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, काही स्वर वाढतात, काही कापले जातात. आवाज उशिरा आलाय असं तेव्हा वाटत नाही. तो पोकळ, डब्यात बोलल्यासारखा वाटतो. गायिका म्हणते, "काहीतरी विचित्र येतंय," आणि रेकॉर्ड करणारा आकडा दाखवून म्हणतो की पाचच मिलिसेकंद आहेत. दोघंही खरं बोलत असतात.

यावरचा उपाय बहुतेक इंटरफेसच्या अंगावरच असतो. डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा मिक्सचा नॉब. ते चालू केलं की माइकचा आवाज संगणकाकडे न जाता इंटरफेसच्या आतूनच हेडफोनला मिळतो आणि उशीर जाणवण्याइतका उरतच नाही. फक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर एक आवाज थेट आणि दुसरा मागून, असे दोन ऐकू येतील. कोरड्या आवाजात गाता येत नाही, ही यावरची रास्त तक्रार. मग रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर घ्या, त्यातला मूळ आवाज पूर्ण काढून फक्त घुमारा ठेवा. तो घुमारा संगणकातून १०-२० मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिराच येतो. त्या मुलीच्या घरी आम्ही एवढंच केलं.

"बफर कायम लहानच ठेवावा"

नको. गाताना-वाजवताना लहान, मिक्सिंग करताना मोठा. मिक्सिंगच्या वेळी कुणी गात नसतं, त्यामुळे प्लेचं बटण दाबल्यावर आवाज २३ मिलिसेकंदांनी सुरू झाला काय किंवा ५० ने, फरक पडत नाही. प्रोसेसरला मात्र श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणून रेकॉर्डिंग आटोपल्याशिवाय जड प्लगइन लावू नयेत. पुढे काय येतंय ते आधी पाहून मग आवाज आवरणारे लिमिटर आणि लिनिअर फेज इक्वलायझर यांना कामासाठी जास्तीचा वेळ लागतोच. असा एखादा प्लगइन २०४८ सॅम्पल मागत असेल तर बफर ६४ वर आणूनही ४६ मिलिसेकंद तसेच राहतात. सॉफ्टवेअर हा फरक आपोआप भरून काढतं, असं अनेकांना वाटतं. आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकसाठी ते खरं आहे, कारण तिथे बाकीचे ट्रॅक थांबवून ठेवता येतात. आत्ता गात असलेल्या माणसाचा आवाज आधी कसा आणणार? नुसतं बायपास करूनही बऱ्याचदा हा वेळ जात नाही. प्लगइन पूर्ण बंद करावा लागतो किंवा काढून टाकावा लागतो. लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड आणि क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन ही बटणं याच कामाची.

"ब्लूटूथवर गाणं ऐकताना तर काहीच जाणवत नाही"

ऐकताना जाणवत नाहीच. व्हिडिओ पाहताना प्लेअर चित्रही तेवढंच मागे ठेवतो, म्हणून ओठ आणि आवाज जुळतात. वाजवणाऱ्याचं बोट मागे ठेवता येत नाही. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज जवळजवळ अख्खी मात्रा मागे. यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. वायरचे हेडफोन घ्या, साधे चालतील.

यूएसबी ३ किंवा सोन्याच्या प्लगची केबल घेतल्याने लेटन्सी कमी होत नाही. ४८,००० च्या दराचा २४ बिट स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट मागतो आणि यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. सॅम्पल रेट ९६,००० केला तर १२८ चा गठ्ठा निम्म्या वेळात भरतो हे खरं, पण प्रोसेसरवरचं ओझं दुप्पट होतं आणि शेवटी बफर वाढवावा लागतो. मिडी कीबोर्डलाही उगाच दोष दिला जातो. पाच पिनांच्या जुन्या केबलवरूनही एक स्वर सुमारे एका मिलिसेकंदात पोहोचतो. उशीर होतो तो पुढे, आवाज तयार होऊन बाहेर येताना. कधीकधी तर बासरीच्या किंवा व्हायोलिनच्या सॅम्पलची सुरुवातच हळू उमलणारी असते आणि आपण लेटन्सी शोधत बसतो.

बफर मोठा असूनही चरचर येत असेल तर वायफाय बंद करून पाहा. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून धरू शकतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम कोण अडवतंय ते दाखवतो. चार्जर लावलेला असू द्या, पॉवर सेटिंग पूर्ण वेगाचं ठेवा, इंटरफेस हबऐवजी थेट लॅपटॉपला जोडा. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा मे महिन्यात तो गादीवर ठेवून रेकॉर्डिंग करू नका.

आणि मोजा. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात दिसणारा आकडा ड्रायव्हरने सांगितलेला असतो; तो प्रत्येक वेळी बरोबर असेलच असं नाही. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल त्याच्याच इनपुटमध्ये लावा. आधी फँटम पॉवर, डायरेक्ट मॉनिटर आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, आवाज कमी ठेवा. एका ट्रॅकवर मेट्रोनोमची टिकटिक वाजवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून दोन्ही टिकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये पाहा. २२० सॅम्पल निघाले तर तुमचं प्रत्येक रेकॉर्डिंग ४४,१०० च्या दराने ५ मिलिसेकंद मागे बसतंय. रेकॉर्डिंग ऑफसेटच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती टाका. इंटरफेस, सॅम्पल रेट किंवा बफर बदलला तर पुन्हा मोजा.

राहता राहिला दूरचा रियाज. न्यू जर्सीतली गायिका आणि पुण्यातला तबलजी इंटरनेटवर एकत्र का वाजवू शकत नाहीत, असं मला बरेच जण विचारतात. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. सरळ रेषेत केबल टाकली तरी एका बाजूचे ६२ मिलिसेकंद गेलेच, आणि ते कुठल्याही पैशाने परत मिळत नाहीत. पुणे-मुंबईचं अंतर एका मिलिसेकंदाहून कमी आहे. तिथे वायरचं इंटरनेट आणि जॅम्युलससारखा मोफत प्रोग्राम घेऊन सोबत वाजवण्याचा प्रयत्न जरूर करावा. न्यू जर्सीला मात्र तबलजीने आधी तानपुऱ्यावर ठेका रेकॉर्ड करून फाइल पाठवावी, गायिकेने त्यावर गाऊन ती परत धाडावी, आणि मग तबलजीने तिचं गाणं ऐकत तबला नव्याने वाजवावा.