एकवीरेचे खाते कोणते?

ब्रह्मदेव उत्पत्ती करतो, विष्णू पालन, शिव संहार, ही देवांची कामवाटणी आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. पण आमच्या मावळातील कार्ल्याच्या एकवीरेला यातले कोणते खाते द्यावे? पुराणाच्या अंगाने पाहता ती रेणुका, परशुरामाची माता. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची ती कुलदेवता. कोळी बांधव तर चैत्रात किनाऱ्यावरून घाट चढून येतात आणि डोंगरावरच्या देवीकडे दर्याची राखण मागतात! कुलदेवतेचे काम भक्ताच्या गरजेवरून ठरते, असे मला वाटते. देऊळ आहे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशी. दामोदर कोसंबींनी 'मिथ अँड रिॲलिटी'त (१९६२) अशा मातृदेवतांचा माग जुन्या वाटांवरून काढला आहे. माझ्या आईला त्रिमूर्ती ठाऊक नाही. पाऊस लांबला, गाय अडली, की ती एकवीरेलाच हाक मारते. माझ्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा.